सुनेनं श्राद्ध एक दिवस आधी का केलं

मैत्रिणींनो, आज सकाळी मी सुनेला उगाच रडवलं.

आज ह्यांचं वर्षश्राद्ध. अमेरिकेतल्या मुलासुनेसाठी इंटरनेटवरच्या कॅलेंडरमध्ये मीच तारीख घातली होती. हुबळीहून फोन केला, तर सून वीणा म्हणाली, "आई, रजा काढून सगळं केलं." तिकडे अजून कालचीच तारीख!

"सासऱ्यांचा दिवससुद्धा लक्षात राहत नाही?" मी ओरडले.

मग मुलानं समजावलं. मी आपल्याकडची मध्यरात्रीची वेळ घातली होती. कॅलेंडरनं ती तिकडच्या वेळेत बदलली आणि तारीख मागे गेली. वेळ न घालता 'पूर्ण दिवस' निवडायचं होतं. आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, हे मला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी पृथ्वीचा गोल फिरवून शिकवलं होतं.

वीणा नाक ओढत म्हणाली, "उद्या परत करते, आई. अप्पा दोनदा जेवतील."

मी फोन ठेवला. आता तिची माफी कशी मागू, सांगाल?