यमुनाच्या गादीत काय होतं

यमुना गेल्याचं मला तिच्या दिरानं सांगितलं. डोणगावहून तो बाजाराला मेहकरला आला होता, दारात उभ्यानंच बोलला आणि पाणीही न पिता निघाला. मी नुकताच वरणाचा गंज चुलीवरून उतरवला होता. भांडं धरायची कापडी गादी हातात तशीच राहिली, आणि मनगट चुरचुरत होतं. नेहमीसारखाच चटका बसला होता... रडू मागाहून आलं.

आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन डोणगावात आलो, आम्ही मेहकरला येईपर्यंत भिंतीला भिंत लागून राहिलो. तिच्याकडे वांग्या-मिरच्यांचा मळा, आमच्याकडे कोरडवाहू कापूस. नवीन राज्य झालं त्या सुमारास गावात महिला मंडळ निघालं आणि यमुना बायकांना जुन्या लुगड्यांच्या गाद्या शिवायला शिकवू लागली. सांडशीनं मोठा गंज काही धरवत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, म्हणून लग्नकार्य निघालं की आधी यमुनाच्या गाद्या मागायला माणूस जायचा. तिनं शिवलेल्या गादीनं धगधगतं पातेलं अंगणभर फिरवलं तरी हाताला कळायचं नाही. आम्ही शिवलेल्या मात्र महिनाभरात चेपून चपट्या व्हायच्या. एखादी ठिणगी पडली की आतल्या आत धुमसत राहायच्या. एकीनं टेरिलीनच्या चिंध्या भरून पाहिल्या, तर त्या वितळून तिच्या बोटांना चिकटल्या.

बाकीच्यांनी विचारायला लाज बाळगली असेल, मी बाळगली नाही. आत काय भरतेस, म्हणून मी तिला सरळ विचारलं. ती हसून म्हणाली, "कापूसच तं भरतो वं. तुह्या घरी ढीग पडला हाये, अन् मले इचारतं? तू दाबून भरतं, म्हणून बिघडते." मी सैल भरून पाहिलं, पिंजून भरलं, थरावर थर रचले. पोरीच्या लग्नात भाताचं पातेलं माझ्या हातून सुटलं ते याच गादीपायी. सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, हिच्या हाताला गुणच नाही. यमुना शेजारीच उभी होती. ती नुसतं माझ्या हातावर पाणी ओतत राहिली. ती तिची माया आहे असं तेव्हा मला वाटलं होतं.

शेवटचं भेटले तेव्हा ती बाजेवर पडून होती. माझं मनगट हातात घेऊन तिनं डागांवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "अजून चटके बसतात काय वं तुले?" मी म्हटलं, बसतात, मला तुझ्यासारखं भरता येत नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, "कापूस चांगला पिंजून घेत जाय..."

तेराव्याला तिच्या सुनेनं आठवण म्हणून तिची गादी मला दिली. घरी आणली तर एका कडेची शिवण उसवलेली. टाका घालायला म्हणून बोट आत घातलं, तर हाताला खरखरीत लोकर लागली. काळ्या घोंगडीचे दोन थर होते, आणि त्यातल्या एकावर लाल दोऱ्याचं रफू. ते रफू माझं होतं. धामणगाव बढ्याहून माझ्या बाबांची घोंगडी मी आणली होती, उंदरांनी कुरतडली तेव्हा मीच ती सांधली होती. एका थंडीत यमुनानं ती मागून नेली. वासरावर टाकते म्हणाली होती.

माणूस गेल्यावर त्याचं चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही. तिला गल्लीत एकटीचा मान हवा होता, हे मी समजू शकते. पण माझ्या बापाच्या घोंगडीनं तिनं स्वतःचे हात राखले, आणि मरतानासुद्धा मला कापूस सांगितला. त्या अंथरुणाशी आम्ही दोघीच होतो, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून इथं सगळ्यांसाठी लिहून टाकते. जुनी घोंगडी गरम पाण्यात धुऊन आटवायची, तिचे दोन थर घ्यायचे आणि वरून सुती लुगडं. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ठिणगी तिच्यावरच विझते. कापूस नको, टेरिलीन तर नकोच.

तिची गादी मी परत शिवली. रोज सकाळी त्याच गादीनं गंज उतरवते. आता चटका बसत नाही. तरी भांडं खाली ठेवलं की हात आपोआप मनगटाकडे जातो, आणि यमुनाचा राग येतो... ती शेजारी असती तर भांडले तरी असते.