न ढवळलेला खड्डा

त्यांना सगळे बाटलीमामाच म्हणायचे. डुकरांच्या शेडमागे पातळ खताचे मोठाले खड्डे असतात ना, त्यांतला नमुना बाटलीत भरायचा, प्रयोगशाळेत पोचवायचा आणि खतात नत्र किती निघालं ते शेतकऱ्यांना सांगायचं, हेच काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे. "ऐसपैस बसायला मिळतं की," असं वर म्हणायचे!

पण कामात माणूस कडक. दोन तास खड्डा ढवळल्याशिवाय बाटली भरायची नाही. गाळ तळाशी बसतो, बरंचसं नत्र त्याच्यासोबत खाली जातं, वर उरतं ते पाणचट. नवख्यांना हे घसा फोडून सांगायचे.

आणि त्याच माणसानं यंदा माती खाल्ली. ढवळायचं यंत्र बंद, ऊन मी म्हणतंय. "एकदा काय होतंय!" म्हणत वरवरची बाटली भरून मोकळे झाले. आकडा निम्माच आला. तेव्हा तरी बोलायचं? कळत होतं हो सगळं, पण लाज वाटली म्हणून गप्प बसले.

त्याच आकड्याच्या भरवशावर धाकट्या बहिणीनं कोवळ्या मक्याला दुप्पट खत सोडलं. टँकर भरेपर्यंत यंत्र दुरुस्त होऊन खड्डा नीट ढवळला गेला होता, त्यामुळे नत्रही दुप्पट पडलं. चौथ्या दिवशी सगळा मका करपला. परत पेरायचे दिवस तर कधीच उलटले होते.

मामा शेतात पोचले तेव्हा ती खाली बसून एकेक रोप उपटून बघत होती.

"माझंच डोकं फिरलं होतं, दादा. टँकर मोजताना चुकले असेन. तुझा आकडा कधी चुकत नाही."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं.

"चुकला," ते म्हणाले. "अगं, खड्डा न ढवळताच बाटली भरली मी."

ती शिव्या देईल, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणेल. मामांची सगळ्याची तयारी होती. ती उठली आणि हाताची माती झटकली.

"त्या खड्ड्याचं खत अजून कोण नेणार होतं?"

मामा पांढरेफटक पडले. इतके दिवस त्यांनी फक्त स्वतःच्या अब्रूचा विचार केला होता. अजून तिघं होते. त्यांतला एक तर शेजारचाच, आणि त्याचा टँकर आजच लागायचा होता. मामांनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला, तेवढ्यात पलीकडच्या शेतात टँकरचा पंप सुरू झाला.

"बंद करा! अरे, बंद करा!" बहीणभाऊ ओरडत पळत सुटले. पंपाच्या आवाजात कुणाला काही ऐकूच जाईना.