बोटीच्या पोटातलं पाणी

माझ्या शुद्धलेखनात चुका असतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर हातात पेनापेक्षा ब्रशच जास्त राहिला. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर समजावं म्हणून नीट सांगते.

आळेफाट्याचा मिस्त्री बोटीत उकिडवा बसला होता. त्यानं तळावर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि शेठना म्हणाला, "तडा गेलाय. ह्या बाईनं तारेच्या ब्रशानं घासून घासून तळ पातळ केलाय."

मी तिथंच उभी होते, हातात तोच ब्रश. तो पदराआड घेतला.

मढजवळ धरणाच्या पाण्यावर शेठची आठ सीटची मोटारबोट आहे. नामाभाऊ ती चालवतात, मी साफ ठेवते. सीट, काचा वगैरे सोपं काम आहे. अवघड आहे ते बिल्ज. बिल्ज म्हणजे बोटीचं पोट. आपण पाय ठेवतो त्या फळीच्या खाली पोकळ जागा असते. कुठूनही आत आलेलं पाणी शेवटी तिथंच जमतं. तिथं एक पंप असतो, पण चार बोटं पाणी साचल्याशिवाय तो चालू होत नाही. चार बोटांच्या खालचं पाणी फडक्यानं टिपायचं, तेल पुसायचं, पंपाच्या जाळीतला कचरा काढायचा, हे माझं काम. पालथं पडून, डोकं झाकणातून आत घालून करावं लागतं. लाजऱ्या माणसाला बरं. तोंड दिसत नाही.

तर दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात अर्धी बादली पाणी निघायला लागलं. त्याला वासही होता, आंबूस. पुण्याची एक बाई नाकाला ओढणी लावून मला म्हणाली, "मावशी, इथे ताक सांडलंय का?" त्याच्यावर कडी म्हणजे मुंग्या. बोट पाण्यात, आणि मुंग्या काठाच्या दोरावरून रांगेनं बोटीत येत होत्या, तिकीट न काढता.

मी फिनेल टाकलं, सोडा टाकला, तारेचा ब्रश आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी बादली. म्हणून शेठनी मिस्त्री आणला. तो मुळात ट्रकचा मिस्त्री.

"किती खर्च येईल?" शेठनी विचारलं.

"अठरा हजार. सहा हजार आगाव द्या, माल आणतो."

शेठनी पैसे मोजून दिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमनबाई, आगाव दिलेलं तुमच्या पगारातनं कापणार. महिन्याला दीड हजार. आन बोट वर काढल्यावर तडा खरंच ब्रशाचा निघाला, तर दुसरीकडं काम बघा."

मी "हो" म्हणाले. मला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

त्याच आठवड्यात पगार झाला. दीड हजार कमी आले. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. फोन केला की म्हणायचा, "माल वाटंवर हाय, शेठ."

घरी ओटा पुसताना मला एक गोष्ट खटकली. तडा असेल तर धरणाचं पाणी येईल. धरणाच्या पाण्याला वास कशाला? हा वास मी ओळखत होते. आमच्याकडं म्हैस होती तेव्हा न धुतलेल्या किटलीला असाच यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बिल्ज कोरडं ठणठणीत केलं. मग दहा रुपयांची रांगोळी आणून सगळ्या तळावर चाळणीनं भुरभुरली. पाणी जिथून येईल तिथली रांगोळी भिजेल, एवढाच हिशेब.

नामाभाऊ बघत होते. "ताई, आतमधी कोण येणारंय बघायला?"

"पाणी," मी म्हणाले.

सकाळी साडेसहालाच गेले. नेहमी साडेआठला जाते. मागचं झाकण उघडून टॉर्च मारला. रात्रभर बोट पाण्यात उभी, आणि रांगोळी जशीच्या तशी, कोरडी. म्हणजे तडा नाही. मी शेवटच्या सीटमागं पालथी पडून पुढचा कोपरा बघत होते, तेवढ्यात बोट हलली. कुणीतरी चढलं आणि मंत्र सुरू झाले.

शेठ होते. स्टेअरिंगच्या पुढं त्यांनी नवा गणपती बसवलाय हे मला माहीत होतं, पण ते रोज सातला येऊन पूजा करतात हे माहीत नव्हतं. आता पूजा चालू असताना मागून बाई कशी उठणार? मी डोकं आतच ठेवलं.

आणि मला दिसलं. पुढून एका बारक्या पाईपातून धार आली. आधी पांढरी, मग पिवळसर, मग नुसतं पाणी. पाच तांबे मोजले. रांगोळीतून ओहोळ निघाला आणि एक झेंडूची पाकळी सावकाश माझ्या नाकापर्यंत आली.

आता सांगायचं कसं? आम्ही बुद्धाला वंदन करणारी माणसं, मूर्तीवर पाणी घालत नाही. मी म्हणणार, शेठ, तुमच्या अभिषेकानं बोट भरते. ते म्हणणार, हिला काय कळतंय देवाचं. पण काम जाणार होतं माझंच. मी उठले.

शेठच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. "तुमी कवापासनं हिथं?"

मी टॉर्च पुढं केला आणि झाकणाकडं बोट दाखवलं. शेठ पांढऱ्या लेंग्यासकट पालथे पडले.  मग आतूनच हाक आली, "नामा."

नामाभाऊ काठावरून आले.

"ह्यो पाईप कुणी बसवला?"

"मीच. तुमीच म्हणला व्हता ना, तीर्थ पायदळी येऊ नये. गणपतीखाली भोक पाडून पाईप सोडला."

"धरणात सोड म्हणलं व्हतं."

"मंग खाली धरणच हाय की, शेठ."

"धरणाच्या आन आपल्या मधी बोट हाय, नामा."

नामाभाऊंनी खाली बघितलं. "आसं व्हय," म्हणाले.

दूध, दही, तूप, मध, साखर. महिनाभर आम्ही बोटीच्या पोटाला पंचामृत पाजत होतो. मुंग्यांना कळलं होतं, मिस्त्रीला नाही.

आता गणपतीखाली स्टीलचं ताम्हण आहे. शेठ त्यातलं तीर्थ काठावरच्या झाडाला घालतात. तारेचा ब्रश मीही बंद केला, कारण मिस्त्रीचं तेवढं खरं होतं. फायबरच्या बोटीला तारेचा ब्रश लावू नये. आणि तळ पुसण्याआधी वर कोण काय ओततंय ते बघावं.

शेठ आळेफाट्याला जाऊन सहा हजार परत घेऊन आले. माझ्या कापलेल्या दीड हजारातले मला हजार दिले. "पाचशे सुट्टे न्हाईत, उद्या देतो," म्हणाले. तो उद्या काही येईना, आणि मागायला माझं तोंड उघडेना.

पण त्यांनी तेव्हापासून बोटीवर सफाईची वेगळी वही सुरू केली होती. रोज मी लिहायचं, त्यांनी सही करायची. मी लिहायला लागले: "बिल्ज कोरडं. पंप चालू. पाचशे बाकी." शेठ न वाचता सही करायचे. अकरा दिवस केली. बाराव्या दिवशी चष्मा लावलेला होता. वाचलं, मागची पानं उलटली, आपल्याच अकरा सह्या बघितल्या.

"तोंडानं सांगायचं की, बाई."

 त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली, वहीवर ठेवली.

त्या दिवशी मी लिहिलं: "बिल्ज कोरडं. पंप चालू. बाकी काही नाही."