चांगुणाची छाट

पुंजाराम पडला तो स्वतःच्याच विनोदात पाय अडकून. संगमनेरच्या एका विडी कारखान्यात तो चेकर होता. बायांनी वळलेल्या विड्यांच्या जुड्या तपासायच्या, सैल किंवा तोकडी विडी ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायची, आणि उरलेल्या वेळात बायांना हसवायचं. या दुसऱ्या कामाचा पगार नव्हता, पण ते तो जास्त मन लावून करी. त्या दिवशी तो नव्या दिवाणजींची चाल करून दाखवत होता. हात पाठीशी, पोट पुढे, नजर आढ्याला. आढ्याकडे बघणाऱ्याला खाली पसरलेली पानं कुठून दिसणार? वळायला भिजवलेल्या टेंभुर्णीच्या पानांवर त्याची वहाण सटकली आणि तो दोन्ही हात फेकून ओरडला, “कान्या, धर!”

बायांच्या ओळीतून चांगुणा उठली. मांडीवरचं सूप उलटलं, तंबाखूचा खकाणा उडाला, आणि पुंजारामचं डोकं फरशीवर आपटायच्या आत तिनं त्याला बगलेत धरलं.

बाया हसल्या. मग एकेक करून हसू थांबलं, कारण दारात दिवाणजी काकासाहेब उभे होते. आपली नक्कल त्यांनी पाहिली नव्हती. हाक ऐकली होती, आणि त्या हाकेला कोण उठलं तेही.

पुंजाराम आणि चांगुणा प्रवरेकाठच्या एकाच गावचे. लहानपणी तिला सगळे कानिफनाथ म्हणत. पोहायला दोघं संगतीनं जात, आणि पुंजाराम एक दिवसाआड बुडत असे. “कान्या, धर!” ही त्या वेळची हाक. माणूस वाढतो, त्याला मिशा फुटतात, चष्मा लागतो, पण घाबरायची भाषा त्याला दुसरी येत नाही.

पुढं घरच्यांनी कानिफनाथला मारून बघितलं, देवऋषी करून बघितला, शेवटी दार लावून घेतलं. काही वर्षं नाशकात टोळीबरोबर बाजारात टाळी वाजवून काढल्यावर ती संगमनेरला पुंजारामच्या दारात उभी राहिली होती, चांगुणा होऊन, हिरव्या लुगड्यात. “टाळीवर पोट भरतं रे, पन मला हाताचं काम पायजे,” एवढंच म्हणाली. पुंजारामनं तिला बायांच्या ओळीत बसवलं. त्याला पाच वर्षं झाली होती. आवाज जाड का, असं कुणी विचारलं तर तो सांगे, “तंबाखूनं घसा गेलाय बिचारीचा.” निम्म्या बायांना खरं काय ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं पदराखाली राहतं. एकदा हाक पडली की ते चव्हाट्यावर येतं.

दिवाणजींनी पुंजारामला खोलीत बोलावलं.

“ते बायांत किती दिवस बसतंय?”

“झाली पाच वर्षं. पण दिवाणजी, ‘ते’ म्हणजे आदरानं म्हणताय ना?”

काकासाहेब हसले नाहीत. मराठीत ‘ते’ मामलेदारालाही म्हणतात आणि वासरालाही. काकासाहेबांचं ‘ते’ वासराचं होतं.

“शर्ट घालून विड्या शेकायच्या भट्टीवर बाप्यांत कामाला येतंय का विचार.”

“भट्टीवरचे तिला जगू देतील व्हय?”

“मग जाऊ दे. पण आपण काढलं की युनियन बोंबलेल. तू छाट वाढव. मजुरी हातात पडली नाही की आपसूक जाईल. आणि हे बघ, दुष्काळ आहे. चेकरच्या जागेसाठी दाराशी माणसं उभी आहेत.”

पुंजाराम बाहेर आला. त्या बाहत्तरच्या दुष्काळात रानात काडी उरली नव्हती. कारखान्यातून सुटलेल्याला एकच दार उघडं होतं, ते खडी फोडण्याच्या कामाचं. तिथं बाप्यांची टोळी वेगळी, बायांची वेगळी. चांगुणाला कुठल्या टोळीत घालणार? कुठल्याच नाही. म्हणजे पुन्हा नाशिक, पुन्हा टाळी. हे सगळं पुंजारामला कळत होतं. त्याला घरी तीन पोरंही होती, तेही कळत होतं.

इकडे ओळीत चांगुणाच्या शेजारच्या रतनबाईनं आपलं सूप हातभर सरकवलं होतं. दुपारी भाकरीला ती दुसरीकडे जाऊन बसली. चांगुणानं खर्डा पुढं केला, तो तसाच राहिला. चांगुणा पाठ ताठ करून वळत राहिली.

संध्याकाळी जुड्या तपासायला आल्या. चांगुणाची विडी म्हणजे देखणी. भरीव, नेटकी, तोंड घट्ट मिटलेलं. पुंजारामनं पहिली जुडी उचलली, एक विडी काढून छाटीच्या पेटीत टाकली. मग दुसरी. मग चारपाच एकदम. आज तो कुणाची नक्कल करत नव्हता. चांगुणा समोर उभी होती आणि त्याच्या बोटांकडे बघत होती.

“पुंजाभाऊ,” मागून रतनबाई म्हणाली, “डोळे आलेत का तुमचे?”

“सैल हायेत, रतनबाई.”

“सैल?” रतनबाईनं पेटीत हात घालून एक विडी काढली, दाबून बघितली. “ही सैल आसंल तर माझी तर बारदानातच गेली! आज हिची छाट काढताय, उद्या माझी काढाल. कोन बाई न् कोन बाप्या ते देवाला इचारा. विडी कशी हाय ते बोला!”

“तुमीच दुपारी सरकून बसला होता की,” पुंजाराम पुटपुटला.

“बसले हुते. माझं मी बघन.” तिनं आपल्या जुड्या पदरात परत बांधल्या. “हिच्या परत मोजा, तवर आमच्या मिळायच्या न्हाईत. काय गं बायांनो?”

सगळ्या काही तिच्याबरोबर उठल्या नाहीत. पण ज्या उठल्या त्या पुरेशा होत्या. दिवे लागायच्या वेळेला दिवाणजींनी खोलीतून निरोप धाडला की परत मोजा.

चांगुणा राहिली. पण ‘राहिली’ हा शब्द फार ऐसपैस झाला. ओळीतली तिची जागा गेली. पोत्यांच्या थप्पीमागं, कोपऱ्यात तिला बसवलं. दर शनिवारी पगार हातावर ठेवताना काकासाहेब म्हणत, “सोमवारचं सोमवारी बघू.” आणि दर सोमवारी ती सगळ्यांच्या आधी दारात येऊन उभी राही, कुणी हाकलायच्या आत बसून घ्यावं म्हणून. रतनबाई कधीमधी थप्पीमागं भाकरी घेऊन जाई. कधी जात नसे.

पुंजारामनं आठवडाभर धीर गोळा केला. एका दुपारी तो थप्पीला वळसा घालून गेला. तिथं एकच वीतभर झरोका होता. त्याच्या उजेडात चांगुणा पान कापत होती. पुंजाराम मध्ये उभा राहिला. आधी त्यानं काकासाहेबांची चाल करून बघितली. ती हसली नाही. दिवाणजींचा आवाज काढला. कात्री थांबली नाही. शेवटी विनोद संपले, आणि विनोद संपल्यावर या माणसाला आपल्या हातांचं काय करावं तेच कळत नसे.

“चांगुणा,” तो म्हणाला, “हाक तोंडातून निसटली गं. ती सोड. पन ती छाट... ती मी काढली. पोरांकडं बघून काढली. माफ केलंस का मला?”

तिनं मान वर केली नाही.

“न्हाई. सरक तिकडं, उजेड अडतोय.”