कारभारीनं स्वतःसाठी भरलेली कॅसेट

चिखलीच्या पंचक्रोशीत कारभारीला सगळे भोंगेवाला म्हणत. लग्न असो, उरूस असो की पुढाऱ्याची सभा, त्याचे भोंगे लिंबावर चढल्याशिवाय कार्याला रंग येत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्या कर्कश आवाजाशेजारी बसून काढली. लोक सांगतील ती तबकडी लावायची, आणखी मोठ्यानं म्हटलं की बटण पिळायचं.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात बुलढाण्याच्या डॉक्टरनं त्याचे कान तपासले. उजवा गेला होता, डावाही जाणार होता. कारभारी एस.टी.नं परतला आणि सदरा न काढताच बाजेवर आडवा झाला.

“काय म्हनले डाक्टर?” बायकोनं, चांगुणानं, डाव्या कानाशी येऊन विचारलं.

“दुसराबी जाईन म्हन्ते.” कुशीवर वळून तो म्हणाला, “जलमभर लोकायच्या पसंतीचं वाजवलं व. माह्या पसंतीचं एकडाव ऐकून घेतो.”

शंकरराव मास्तरांच्या जावयानं अरबस्तानातून टेपरेकॉर्डर आणला होता. कारभारीनं तो मागून आणला, एक कोरी कॅसेट घेतली आणि मनात बसलेलं एकेक त्यात भरायला लागला. भोंग्याचं काम शिकवणाऱ्या उस्तादानं मरताना दिलेली नाटकातल्या पदाची तबकडी त्यानं आधी लावली. ती त्याच्या जन्माआधीची, घासून गेलेली. गाण्याइतकीच खरखर भरली गेली. मग तो दर्ग्यापाशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कव्वालाकडे गेला. म्हाताऱ्याला मधेच दम लागायचा, तो थांबायचा, पुन्हा उचलायचा. तांड्यावरच्या बंजारा बाया तर दोन ओळी गाऊन हसत सुटल्या आणि आमचा आवाज आधी आम्हाला ऐकव म्हणून बसल्या. रेडिओवर काटा फिरवताना कुठल्याशा परक्या मुलखातली एक बाई सापडली. भाषा कळेना, देशाचं नाव कळेना. एका तारेच्या वाद्यावर ती संथ गात होती. तेही त्यानं घेतलं.

प्रत्येक फेरीनंतर तो दमून यायचा. ऐकण्यासाठी एवढं ताणून बसावं लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कॅसेटच्या शेवटी जागा उरली तेव्हा त्यानं यंत्र चांगुणासमोर ठेवलं.

“जात्यावर म्हनत होती तशी एक ओवी म्हन.”

“आता? दळन गिरनीतून येते. कोनाले याद हाये?”

“येईन तेवढं म्हन.”

तिनं पदर सावरला. पहिली ओळ नीट आली. दुसरीला ती अडखळली, पुन्हा पहिलीवर आली, पुन्हा तिथंच थांबली. तिचे डोळे भरले. “नाही आठवत हो. मायनं शिकवली होती, तेबी गेली. बंद करा ते.”

कारभारीनं बंद केलं नाही. फीत संपेपर्यंत तिचं बोलणं, नाक ओढणं, बाहेरची कावकाव, सगळं त्यात गेलं.

भोंगे त्यानं एका जाणत्या माणसाच्या हवाली केले. टेपरेकॉर्डर परत न्यायला गेला तेव्हा मास्तर म्हणाले, “राहू दे तुझ्याकडंच. जावई काही मागत नाही.” मग पावसाळाभर तो कॅसेट ऐकत राहिला. आधी बायांचे बारीक आवाज त्याला कळेनासे झाले. मग नाटकातलं पद गेलं. कव्वालाचा ढोलक तेवढा बरेच दिवस टिकला. पुढच्या होळीपर्यंत तोही गेला.

त्यानं यंत्र फळीवर ठेवून दिलं. चांगुणा मात्र दुपारी ज्वारी निवडताना ते लावायची. एकदा बाजेवरून त्यानं पाहिलं, तर तिचे ओठ हलत होते.

“काय म्हनून राह्यली?”

तिनं यंत्राकडे बोट दाखवलं आणि हात दूर, पार शिवाराच्या पलीकडे फेकला. त्या परक्या बाईचं गाणं तिला पाठ झालं होतं. शब्द ती मनानंच घालत होती.

“बरं हाये?” त्यानं विचारलं.

चांगुणानं मान डोलावली. कारभारी भिंतीकडे तोंड करून निजला. ती सुपातली ज्वारी पाखडत गात राहिली.