फ्रीजरची खंडेनवमी

काय सांगू तुम्हाला, माझी पीएचडी झेंडूच्या माळेपायी गेली. हसा, हसा. चहा पिता पिता ऐकायला बरं वाटतं, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी डोंबिवलीचा, एमएस्सी झालेलो. ठाण्यातल्या एका संस्थेत सरांचं आरएनए स्प्लायसिंगवर काम चालायचं. म्हणजे पेशी आरएनएच्या लांबलचक धाग्यातले नको ते तुकडे कापून उरलेले कसे जोडते, ते शोधायचं. असं काम करणारे तेव्हा होतेच किती? सरांनी मला पारखायला ठेवलेलं. दिवाळीनंतर पीएचडीला नाव घालणार होते.

नवमीला सर पुण्याला गेलेले. सकाळी मी निघालो तर बाबांनी थांबवलं. बाबा कोलशेतच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर.

"तुमच्या लॅबमध्ये मशीनची पूजा कोण करतं रे?"

"कोणी नाही, बाबा."

"अरे, ज्याच्यावर पोट भरायचं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू नको? आमच्याकडे आधी स्विच बंद, मग पूजा. दसरा संपेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही."

मला पटलं. नको होतं पटायला, पण पटलं. टेंभी नाक्यावरून झेंडूची माळ घेतली. लॅबमध्ये सगळ्यात मोठं मशीन कुठलं? उणे सत्तर अंशांचा फ्रीजर. सरांची कित्येक वर्षांची मेहनत, आरएनएचे सगळे नमुने, त्यात.

आता तुम्ही म्हणाल, एमएस्सी झालेला माणूस असा कसा? अहो, मी विचार केला ना. आमच्याकडे वीज गेली की आई म्हणायची, दार उघडू नका, फ्रीज गार राहतो. ज्या विषयात डॉक्टर व्हायचं होतं त्यात मी आईच्या फ्रीजचं शास्त्र लावलं. दार न उघडता बटण बंद केलं, कुंकू लावलं, माळ घातली आणि दसऱ्याला घरी श्रीखंडावर ताव मारला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर माझ्याआधी पोचलेले. फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. आरएनए म्हणजे आधीच नाजूक जीव, नुसतं बोट लागलं तरी खराब होतो. त्यात हा ऑक्टोबरचा उकाडा.

"हे कोणी केलं?"

"मी, सर. खंडेनवमी होती."

"आणि बंद कशाला केला?"

"चालू मशीनची पूजा करत नाहीत, सर."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी एक नळी उजेडात धरून बघितली, खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "देव प्रसन्न झाला असेल तुझ्यावर. आता गाईड म्हणून त्यालाच विचार."

खरं कारण बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही. जागा रद्द झाली, एवढंच म्हटलं. ते बिचारे आपल्या साहेबांकडे शब्द टाकून आले. दिवाळीनंतर माझं नाव लागलं, पण कोलशेतच्या कंपनीत, बाबांच्याच खात्यात.

पहिल्या दिवशी मला मशीनपाशी उभं करून बाबा म्हणाले, "बघ, केलेली पूजा कधी वाया जात नाही."