माझ्या विहिरीची हरकत

बैलबाजारात ‘हरकत नाही’ म्हणजे होकार नसतो. धनी किंमत सांगतो, आपण ‘हरकत नाही’ म्हणतो आणि जनावराचे दात बघायला वाकतो. ऐकलं, आता भाव खाली आणा, एवढाच त्याचा अर्थ. सौदा त्यानंतर सुरू होतो. मी हेडी आहे, जनावरांच्या सौद्यातला दलाल. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत सुरुवात केली. भावांनी मला बांधाएवढीही जमीन दिली नाही. पुढं स्वतःच्या पैशानं माळरान घेतलं आणि तीन उन्हाळे खपून काळ्या खडकात विहीर पाडली. त्या विहिरीवर गोठा उभा राहिला.

माळाला लागूनच दगडाची खाण आहे. तिच्या सुरुंगांनी विहिरीच्या खडकाला चिरा गेल्या आणि पाणी तळाला गेलं. खाणीच्या पर्यावरण परवान्याची मुदत संपत आली तेव्हा गावात जनसुनावणी लागली. खाणीला लागून विहीर माझी एकट्याची. परवाना अडला तर ती वाचणार होती, नाहीतर गोठ्यासकट सगळं जाणार होतं.

शाळेच्या मैदानात मांडव होता. नगरहून साहेब आलेले. माझी पाळी आली तसा खाणीचा मॅनेजर मधेच उठला. “दादा, तुमचं दुखणं आम्हाला माहितीये. परवाना होऊ द्या, विहीर खोल करून देतो. शब्द आपला.”

“हरकत नाही,” मी म्हणालो आणि माईक जवळ ओढला. गडी हातात आला असं मला वाटलं. “आता हेच कागदावर लिहा. आधी विहीर, मग परवाना. आणि माझ्या विहिरीच्या अंगाचे सुरुंग आजपासून बंद.”

मॅनेजर हसला. “दादा, हा बैल न्हाई. खाण हाय.”

मांडव हसला. माझं डोकं फिरलं. मी माईक टेबलावर आपटला, वायर निघाली. चिरा, पाणी, गोठा, सगळं मी त्यानंतर बोललो, पण ते पुढच्या दोन रांगांपलीकडं गेलं नाही. शिव्या मात्र शेवटपर्यंत ऐकू गेल्या. पोलिसानं मला दंडाला धरून बाहेर बसवलं.

“लिवून घेतलं का त्यांनी?” घरी बायकोनं विचारलं.

“घेतलं की. सगळं घेतलं.”

काही आठवड्यांनी नगरच्या कार्यालयात सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत मिळाली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: ‘सदर विहीरधारकाची हरकत नाही. त्यानंतर सभेत गोंधळ.’

टेबलावरच्या मॅडमना म्हणालो, “मॅडम, ही ती हरकत न्हाई नव्हं.”

त्यांना हसू आलं. मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. “मग कोणती, काका?”

मी बाजार समजावून सांगितला, दात बघण्यापासून. त्यांनी मला साहेबांकडं नेलं. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

“हे शब्द तुम्ही बोललात की नाही?”

“बोललो, पण...”

“मग यात खोटं काय लिहिलंय?”

जन्मभर मी माणसांना असंच कोपऱ्यात घेत आलो. तिथून बाहेर यायला वाट नसते, हे मला साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. परवान्याची फाईल मुंबईला गेली होती. तरी मी तिथंच तक्रारीचा अर्ज लिहून दिला, मॅडमनी त्यावर पोचेचा शिक्का मारला. “पाठवते मी, काका. पण आशा धरू नका.”

बायकोला सांगितलं तेव्हा ती गायींपुढं घमेल्यात पाणी ओतत होती. “समद्यांला शब्दात धरत आलात,” ती म्हणाली. “आता तुमाला धरलं.” एवढं बोलून तिनं रिकामी कळशी पालथी ठेवली.

परवाना झाला. त्यात एक अट होती: धूळ उडू नये म्हणून खाणीच्या रस्त्यावर पाणी मारायचं. ते पाणी ते खाणीच्या तळातून उपसतात. खडकातला झरा आता तिकडं फुटलाय. माझी विहीर त्याच महिन्यात कोरडी पडली.

आज सकाळी गायी दावणीला ओरडत होत्या. मी दोन बादल्या घेतल्या आणि खाणीच्या रस्त्यावर जाऊन टँकरपुढं उभा राहिलो. मागच्या नळातून पाणी फुफाट्यावर पडत होतं आणि पडल्या जागी जिरत होतं.

“काका, बाजूला व्हा,” ड्रायव्हर ओरडला. “तपासणी हाय आज. रस्ता वला दिसला पायजे.”

“दोनच बादल्या दे.”

“मालकाला इचारा.”

मी हात जोडले. माझ्या हाताखालून शेकडो बैल गेले, पण मी कुणापुढं हात जोडले नव्हते. ड्रायव्हर मान वळवून हॉर्न वाजवत राहिला. बादल्या चाकांपुढं ठेवून मी तिथंच खाली बसलो.